नऊ पूर्णांक चार

ग्लेनिस ट्रेझाइझने एकतीस वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कडिना गावच्या शाळेची लायब्ररी सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर ती बहिऱ्यांसाठी लिहू लागली. कौन्सिलच्या सभांचे, कॉलेजातल्या व्याख्यानांचे व्हिडिओ तिच्याकडे यायचे. शब्द न् शब्द ऐकून ती चित्राखाली ओळी बसवायची आणि परत पाठवायची. हे काम तिने धरलं ते नवऱ्यामुळे. वॉलरू बंदराच्या धान्यकोठारांतल्या यंत्रांनी रॉनचे कान कधीच खाऊन टाकले होते. टीव्हीवरच्या ओळी चुकल्या की तो चिडायचा, "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" एकदा ती म्हणाली, "थांब, आता मीच लिहिते." आणि खरंच लिहायला लागली.

तिचं काम चालायचं मागच्या खोलीत. जुनं दगडी घर, भिंती दोन फूट जाड. वाय-फाय तिथवर पोचायचंच नाही. म्हणून पुढच्या खोलीतल्या मोडेमपासून कार्पेटच्या कडेकडेने एक वायर तिच्या कॉम्प्युटरपर्यंत आणलेली होती.

जानेवारीत एका कॉलेजने मोठं काम दिलं. एकेक व्हिडिओ चार-चार जीबीचा. पूर्वी तिच्याकडे यायचे ते छोटे तुकडे, त्यामुळे काही जाणवलं नव्हतं. आता एक व्हिडिओ उतरायलाच तास लागायला लागला. तिने स्पीड टेस्ट केली. घेतला होता शंभर एमबीपीएसचा प्लॅन, मिळत होते नऊ पूर्णांक चार. सकाळी नऊ पूर्णांक चार, दुपारी नऊ पूर्णांक चार.

तिने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली.

"मॅडम, मोडेम बंद करून चालू केलात का?"

"केला. काल चारदा, आज तीनदा."

"आता माझ्यासमोर एकदा करता का?"

"तू समोर नाहीयेस, बाळा. तू फोनवर आहेस."

तरी तिने केला. मुलगी म्हणाली, "तुमच्या घरापर्यंत पूर्ण स्पीड येतोय." ग्लेनिसने मोबाइल मोडेमजवळ धरून पाहिलं. ब्याण्णव! म्हणजे मुलगी खोटं बोलत नव्हती. याचाच तिला जास्त राग आला, कारण आता भांडायला कोणी उरलं नाही.

"काय म्हणाली?" रॉनने तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

"आपल्याच घरात चोर आहे म्हणाली!"

दुसऱ्या दिवशी बाहेर त्रेचाळीस डिग्री. दोघांनी फायलींचं लोखंडी कपाट सरकवून कार्पेट उचललं. कपाटाच्या पायाखाली वायर पार चपटी झाली होती. ग्लेनिसला इतका आनंद झाला की तिने रॉनच्या घामट टकलाचा मुका घेतला. दुकानातून नवी वायर आणली, गुडघे सोलवटून घेत टाकली आणि टेस्ट लावली.

नऊ पूर्णांक चार.

ती स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. संध्याकाळी कॉलेजची मेल आली: काम उशिरा येतंय, म्हणून निम्मे व्हिडिओ ॲडलेडमधल्या दुसऱ्या कुणाला दिले आहेत. पासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या कामाला कुणीतरी 'उशिरा' म्हटलं होतं.

रविवारी रॉनचा धाकटा भाऊ क्लाइव्ह जेवायला आला. घरातला कॉम्प्युटरचा जाणकार तोच, निदान त्याच्या मते तरी. मटण-बटाटा भरलेल्या पेस्टीवर टोमॅटो सॉस ओतत तो म्हणाला, "कंपनी चोर आहे गं. सगळ्या कंपन्या चोर."

"तुझा लॅपटॉप गाडीत आहे ना? आण बघू."

तिने तीच नवी वायर त्याच्या लॅपटॉपला लावली. त्र्याण्णव.

"बघ!" क्लाइव्हने मांडी थोपटली. "माझ्याला काही झालेलं नाही. तुझा डबा म्हातारा झालाय, ग्लेनिस. फेकून दे, नवा घे."

म्हणजे वायर चांगली, मोडेम चांगला, कंपनीही चांगली. उरला कॉम्प्युटर. पेस्टी तशीच टाकून ती त्याच्यासमोर बसली. लायब्ररीत हरवलेलं पुस्तक शोधावं तशी एकेक कप्पा उघडत नेटवर्कच्या सेटिंगपर्यंत गेली. स्पीडच्या ओळीत 'ऑटो' असायला हवं होतं. तिथे कुणीतरी हाताने 'दहा' निवडून ठेवलं होतं.

"क्लाइव्ह, इथे दहा कुणी केलं?"

क्लाइव्ह खोलीत आला, स्क्रीनकडे बघून चष्मा पुसायला लागला. "गेल्या हिवाळ्यात तुझं नेट सारखं तुटत होतं ना? मीच नीट करून दिलं होतं की. कमी स्पीडवर ठेवलं, तेव्हा तुटायचं थांबलं."

"वायर चेपली होती म्हणून तुटत होतं! आणि तू ते झाकून ठेवलंस. मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"चालू झालं होतं ना? तेव्हा तर 'क्लाइव्ह, तू देवमाणूस आहेस' म्हणालीस."

"काय झालं?" दारातून रॉन ओरडला.

"चोर सापडला!" ग्लेनिस त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. "तुझ्या आईच्याच पोटचा आहे!"

रॉन इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. क्लाइव्ह मात्र लॅपटॉप उचलून, पुडिंग न खाताच निघून गेला.

तिने सेटिंग 'ऑटो' केलं. आकडा चौऱ्याण्णववर जाऊन थांबला. तिला वाटलं होतं, असं झालं की आपण नाचू. पण तिला फक्त थकवा आला, आणि फुकट गेलेल्या नऊ दिवसांची चीड.

कॉलेजला तिने खरं काय ते लिहून कळवलं. दिराचं नाव तेवढं गाळलं. गेलेले व्हिडिओ परत आले नाहीत. उरलेले तिने मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण केले आणि पुढच्या सत्राची यादी मागितली. यादी आली, पण आधीच्यापेक्षा छोटी. क्लाइव्ह तीन रविवार फिरकला नाही. चौथ्या रविवारी आला, तेव्हा जेवण होईपर्यंत ग्लेनिसने मागच्या खोलीला कुलूप लावून ठेवलं होतं.