उतारावरची रिकामी मोटार

नोकरीत शेकड्यांनी पंचनामे लिहिले. खुनाचे लिहिले, दरोड्याचे लिहिले, आणि पेन्शनीत आल्यावर त्यातले बरेचसे विसरलोही. पण एका मोटारीचा पंचनामा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात कोणी दरोडेखोर नव्हता. दोन जिवाभावाचे मित्र होते, एक जुनी मोटार होती आणि तिचा विमा होता.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी रहिमतपूरच्या ठाण्यावर फौजदार होतो. दिवस कलता कलता शेजारच्या गावचा पोलीस पाटील सायकल रेटत आवारात आला. सायकल लिंबाला टेकवायचंही त्याला भान नव्हतं.

"सायेब, टॅक्सी वढ्यात गेली. मोरीजवळ. डायवर जाग्यावर खलास."

स्टेशन डायरीत नोंद केली, जमादार आणि दोन शिपाई बरोबर घेतले आणि निघालो. कराडकडून येणारा रस्ता तिथे एका लांब उताराने खाली येतो, वळण घेतो आणि ओढ्यावरच्या मोरीवरून पुढे जातो. मोटार मोरीच्या अलीकडेच उजव्या अंगाने ओढ्यात कलंडली होती. ड्रायव्हर मोटारीच्या बाहेर होता. मोटार आणि ओढ्याच्या काठाला रचलेलं दगडी पिचिंग यांच्या मध्ये सापडला होता. चेहऱ्याला खरचटलंही नव्हतं. शेजारी त्याचा भागीदार मांडी घालून बसला होता. त्याने मित्राचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

ती टॅक्सी मला माहीत होती. काळी, लांबडी, कापडी हुडाची. आत सात माणसं बसायची, पण कराडच्या बाजाराच्या दिवशी दहा-बारा कोंबलेली मी स्वतः पाहिली होती. दोघं मालक कराडजवळच्या एकाच गावचे. एकाच दिवशी पलटणीत भरती झाले, दोघंही तिकडे लष्करी ट्रक चालवायला शिकले आणि दोघंही धडधाकट परत आले. घरी थोडा ऊस होता, पण वाटण्या होऊन होऊन राहिला किती? म्हणून मोटार घ्यायचं ठरलं. एकाने पलटणीतून मिळालेले पैसे घातले, दुसऱ्याने बायकोचे दागिने मोडले. लढाईत नव्या मोटारी यायच्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे जुन्या मोटारीला नव्याचा भाव आला होता. त्या भावाने त्यांनी सांगलीच्या एका गुळाच्या अडत्याकडून ही गाडी घेतली आणि त्याच किमतीचा विमा उतरवला. मेला तो गाडी चालवायचा. हा दुसरा प्रवासी जमवायचा आणि हिशेब बघायचा.

भागीदाराचा जबाब थोडक्यात होता. उतारावर ब्रेक लागले नाहीत, गाडी सुटली, मी उडी मारली, त्याला जमलं नाही.

जबाब सरळ होता. पण चालत्या मोटारीतून खडीच्या रस्त्यावर उडी मारलेला माणूस मी या आधीही पाहिला होता. त्याचे कोपर-गुडघे फुटतात. याच्या कपड्याला मातीसुद्धा लागली नव्हती. ब्रेक गेले की ड्रायव्हर गिअर टाकून मोटार आवरतो, ही मोटार गिअरमध्ये नव्हती. आणि समोरच्या काचेच्या वर फळीवर दोन खिळे होते, त्यात सुकलेल्या झेंडूचा दोरा अडकला होता, पण देवाची तसबीर नव्हती. काचेचे तुकडे शोधले, ओढा शोधला. तसबीर कुठेच मिळाली नाही.

हे सगळं पंचनाम्यात लिहिलं. अर्थ मात्र तेव्हा लावला नाही. समोर मयत पडलेला होता.

आठवड्याभराने विमा कंपनीचा माणूस पुण्याहून आला. चष्मेवाला, सभ्य, घाम पुसत ओढ्यात उतरला. मोटार अजून तिथेच होती, आम्ही पहारा ठेवला होता. भागीदार हजर होता. ड्रायव्हरची बायकोही दिराला घेऊन आली होती आणि काठावर पदर ओढून उभी होती. त्या माणसाने बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं. मग वर येऊन म्हणाला,

"पॉलिसीवरचा आकडा विसरा. कंपनी गाडीची अपघाताच्या आदल्या दिवशीची किंमत देते. बाजारात तिला कोण काय देईल, तेवढीच. आता नव्या गाड्या यायला लागल्यात. या इंजिनाचा तर ब्लॉक आधीपासूनच फुटलेला दिसतोय. तुम्ही लढाईनंतरच्या टंचाईत सोन्याच्या भावानं लोखंड घेतलंत. मला वाटतं, चौथा हिस्सासुद्धा मिळणार नाही."

मी भागीदाराकडे पाहत होतो. माणूस पैशासाठी भांडतो, आवाज चढवतो, हातापाया पडतो. याने यातलं काही केलं नाही. तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि मोटारीकडे बघत राहिला. जणू ती त्याला आत्ता पहिल्यांदा दिसत होती.

ड्रायव्हरची बायको दिराला हळूच म्हणाली, "मोटारीचं सांगत्यात. माणसाचं काय, ते इचारा की."

दिराने विचारलं. विमावाला ओशाळला. "बाई, पॉलिसी मोटारीची आहे," म्हणाला. तिने पदर नीट केला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी जमादाराने खबर आणली. त्याच रस्त्यावर दुसरी टॅक्सी चालवणाऱ्या एका मालकाने चहाच्या दुकानात त्याला बाजूला घेतलं होतं. "जमादार, ती गाडी दोन म्हयनं विकायला काढली व्हती. सांगलीला नेली, कुणी हात लावला न्हाई. मग आपसूकच वढ्यात गेली व्हय?" धंद्यातल्या माणसाची खबर मी नेहमी अर्धी धरतो. उरलेली अर्धी द्वेषाची असते. पण धरलेली अर्धीसुद्धा पुरेशी होती.

मी ड्रायव्हरच्या गावी गेलो. घरात दुखवट्याची माणसं होती, त्यामुळे वर्दीवर घोंगडी घेऊन ओसरीवरच बसलो. माझ्या शेजारच्याच कोनाड्यात जोतिबाची एक तसबीर होती. चौकटीच्या वरच्या कडेला तेलाचे काळे डाग होते आणि दोन्ही बाजूंना खिळ्याची भोकं. घरातल्या देवाला मोटारीचं तेल लागत नाही.

"ही कधी आणली?" मी विचारलं.

"त्याच दिवशी सकाळी," ड्रायव्हरची बायको म्हणाली. "म्हनलं, आज देव घरी कसा? तर म्हनले, गाडी धुवायची हाय." मग माझ्याकडे बघून तिनेच विचारलं, "का वं सायेब? देव गाडीत असता तर वाचले असते का?"

 घाटात गाडी घालणारा कुठलाही ड्रायव्हर जोतिबाला घरी ठेवून जात नाही. गाडीचं काय होणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच देवाला आधी उतरवून ठेवतो.

भागीदाराला ठाण्यात बोलावलं. तीन वेळा बोलावलं. मारहाण करून कबुली काढणारे अधिकारी तेव्हा होते, आजही असतील. माझा त्यावर कधी विश्वास नव्हता, कारण मार खाणारा माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. मी त्याला समोर बसवून विचारत राहिलो. तसबीर घरी का गेली? गिअर का नव्हता? तुला खरचटलं कसं नाही? तो मान खाली घालून एकच म्हणायचा, "ब्रेक लागलं न्हाईत, सायेब." संशय होता. पण संशयावर चार्जशीट होत नाही. अकस्मात मृत्यूचे कागद वर पाठवून प्रकरण मिटवावं, या विचाराला मी आलो होतो.

अशात एका सकाळी ठाण्याच्या दारात एक धनगरीण येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडी, पाठीला बांधलेलं तान्हं मूल. सोबतचा तिचा नवरा पोलिसांना भिऊन आवाराबाहेरच थांबला होता. ती माणदेशाकडची. मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरणारी ती माणसं. शिपाई तिला हुसकावत होता. मी आत बोलावलं.

"काय काम?"

"त्या मोटारवाल्याचं घर कुठं हाय, सायेब? वढ्यात मेला त्याचं. त्याच्या घरच्यांच्या पाया पडायचंय."

"का?"

तिने पाठीवरचं मूल पुढे घेतलं. "ह्ये त्याच्यामुळं हाय."

मग तिने सांगितलं. माणसं आणि मेंढरं रानातून पुढे गेली होती. ती बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन रस्त्याने येत होती आणि मूल घोडीवर बिऱ्हाडाच्या वर बांधलं होतं. मोरीवर घोडी बुजली आणि जागची हलेना.

"आनि वरनं मोटार आली. आवाज न्हाई, काय न्हाई. मोटार म्हंजे लांबनं ऐकू येती की. ही नुसती घरंगळत आली. मी बगितलं तर आत कुनीच न्हाई. मला वाटलं भुताटकी. मग मागनं एक मानूस पळत आला, सायेब. लय पळाला. मोटारीच्या बाजूच्या फळीवर उडी टाकली, खिडकीतनं हात घातला आनि चाक फिरीवलं. मोटार माज्याकडनं वळली आनि वढ्यात गेली. घोडी उधळली. मी तिच्यामागं पळाले, पार रानात. मागं आले तवा माणसं जमली व्हती, पोलीस व्हते. भ्याले. निगून गेले. पन झोप लागंना."

मी लेखणी खाली ठेवली. आत कुणीच नव्हतं, हेच तर मला हवं होतं. आणि ती मात्र ते उपकाराच्या भरात सांगत होती. आपण काय सांगितलं, हे तिला कळलं नव्हतं. नंतर जबाब लिहून घेताना माझ्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी कळलं असावं.

"मी काय वंगाळ बोलले का, सायेब?"

"नाही बाई. खरं बोललीस."

त्याच दिवशी भागीदाराला आणलं आणि त्या बाईला त्याच्यासमोर बसवलं. प्रश्न विचारायची वेळच आली नाही. त्याने मुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आमी ठरवलं व्हतं," तो म्हणाला. "गाडी वरच्या अंगाला हुबी करायची, चाकाखालचा धोंडा काढायचा. खाली कुनी न्हाई बघूनच काढला. गाडी सुटली आनि वळनाखालनं ही बाई मोरीवर आली. दोघांनी बगितली, सायेब. दोघांनी. तो पळाला. माजं पायच हाललं न्हाईत." मग तोंडावरचे हात काढून तो म्हणाला, "आनि तो विमावाला म्हनला, चौथा हिस्सा बी न्हाई. आमाला वाटलं व्हतं कागदावर हाय तेवढं मिळंल. येवढ्यासाठी आमी दोस्त घालवला."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला, त्याने तिथे सगळं पुन्हा सांगितलं. विम्याचा दावा फेटाळला गेला. फसवणुकीचा प्रयत्न आणि हयगयीने मृत्यू, अशी कलमं लागली. धनगरीण तारखेला कोर्टात आली, भीत भीत बोलली, पण बोलली. भागीदाराला शिक्षा झाली. कमी झाली. ती कमीच व्हावी असं मलाही वाटत होतं. तुरुंगात जाताना त्याने एवढंच विचारलं, "वैनी काय म्हनल्या?"

वैनीला सगळं मीच जाऊन सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाकडून तिने ते ऐकू नये असं मला वाटलं. ती रडली नाही. जात्याच्या खुंट्याला हात लावून ऐकत होती.

"मंग गावाला काय सांगू?" तिने विचारलं. "चोरी करताना मेले म्हनू, का लेकराला वाचवताना मेले म्हनू?"

"दोन्ही खरं आहे," मी म्हणालो.

"तुमच्या कागदात कुठलं लिवलंय?"

कागदात पहिलं होतं. दुसरं धनगरणीच्या जबाबात होतं, पण निकालात त्याची ओळ आली ती पुरावा म्हणून. मी तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि मला चहाला थांबवलं. 

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी एका कामासाठी कराडला गेलो असता वाट वाकडी करून त्या गावी गेलो. सुगी उरकली होती. ड्रायव्हरच्या वावरात मेंढरं बसली होती. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात आणि धनगराला त्याचे दाणे द्यावे लागतात, हे मला ठाऊक होतं. बांधावर एक पोर काठी घेऊन उभं होतं आणि ड्रायव्हरची बायको त्याला भाकरी बांधून देत होती. मला पाहून ती म्हणाली, "ह्ये त्येच घोडीवरचं लेकरू. दर साली येत्यात. आमच्याकडनं दाना घेत न्हाईत. मी दिला तर रुसत्यात."

पोलिसाच्या नोकरीत माणूस एका शब्दात मांडायची सवय लागते. फिर्यादी, आरोपी, मयत, साक्षीदार. काम चालायला ते लागतंच. त्या प्रकरणापासून मात्र मी तपास संपला की स्वतःला एक प्रश्न विचारत आलो: या माणसाने केलेलं आणखी काय काय मी लिहिलं नाही? विमावाल्याने मोटारीची किंमत ठरवली, कोर्टाने गुन्ह्याची ठरवली, आणि दोघांनीही आपापलं काम चोख केलं. त्या ड्रायव्हरने मात्र उतारावर पळता पळता, विचार करायला वेळ नसताना, आपली किंमत स्वतःच ठरवली होती. ती कुठल्या कागदावर चढवायची, हे मला पुढच्या नोकरीतही कळलं नाही.