मीटिऑरिक राइज आणि सतरा वर्षं

तुमच्या गावातल्या माणसाला तुम्ही ज्या भाषेत हाक मारता, त्याच भाषेत त्याचं कौतुक का करत नाही?

मला हा प्रश्न हिंगणघाटच्या एका प्रेसमध्ये पडला. साल दोन हजारच्या आसपास. मी तिथं डीटीपी करायचे, म्हणजे मजकूर कॉम्प्युटरवर टाईप करून छापण्याजोगा मांडायचे. खोटं छापायचं नाही, हे मी लहानपणी पत्रकं वाटता वाटता शिकले होते. आमचे मालक बबनभाऊ मात्र पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, म्हणेल ते छापायचे.

त्या दिवशी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कामगारांची ऑर्डर आली. त्यांचे नामदेवकाका फोरमन झाले होते. चार वाजता सत्कार, मानपत्र हवं. आमच्याकडे मानपत्राची एकच फाइल. तिच्यात ओळ होती, "आपला मीटिऑरिक राइज सर्वांस प्रेरणादायी आहे." म्हणजे उल्केच्या वेगानं वर जाणं. सरपंच, हेडमास्तर, बँक मॅनेजर, सगळे याच ओळीवरून वर गेले होते.

"नाव बदल न् प्रिंट काढ," बबनभाऊ म्हणाले.

मी प्रूफ काढलं, म्हणजे तपासायची कच्ची प्रत. तेवढ्यात खुद्द नामदेवकाकाच दारात. हात फिरवल्याशिवाय मशीन सुरू न करणारा माणूस, स्वतःचं मानपत्र तसंच कसं जाऊ देणार?

"पोरी, हे इंग्रजी काय होय?"

"तुम्ही भरकन वर गेलात, असं."

"मी? भरकन वर त आमच्या जिनिंगमधी रुई उडते. न् छताले चिकटून बसते!"

बबनभाऊ हसले. "काका, इंग्रजी नसलं त वजन येत नाई."

काका हसले नाहीत. "बबन, समोर माह्यासंगं रेचा चालवलेले लोक बसतील. थे म्हणतील, नामदेव आमच्या डोक्यावरून उडी मारून गेला काय?"

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. काकांनी त्यावर उमेदीची वर्षं घालवली होती.

"मी बदलते," मी म्हणाले.

"अन् टाइम?" बबनभाऊ ओरडले. "तीन वाजून राह्यले!"

"मग बोलू नका, भाऊ. टाईप करू द्या."

काका सांगत गेले, मी लिहीत गेले. आधी गंजीवर कापूस वाहणं, मग सोळा वर्षं रेचा, मग फिटर, आता फोरमन. मानपत्राची फ्रेम घेऊन मीच सत्काराला पोचले.

मानपत्र वाचताना "सोळा वर्षं रेच्यावर" आलं आणि मागून एक म्हातारा उठला. "सोळा नाई, सतरा! मी बाजूच्या रेच्यावर होतो!"

काकांनी बोटांवर मोजलं. "हाव, सतरा."

तिथंच फ्रेम उघडली. मी पेनानं सोळाचे सतरा केले. टाळ्या वाजल्या, त्या पेनाला. खोटं न छापणारी मी, प्रूफ एकाच माणसाकडून तपासून मोकळी झाले होते.

तेव्हा मानपत्र लिहायला बसाल त्या दिवशी एवढं करा. त्या माणसाला विचारा, पहिल्या दिवशी कोणतं काम केलं. आणि वर्षं मोजायला त्याच्या बाजूच्या रेच्यावरचा माणूस बोलवा.