दुसऱ्या मजल्याची मेमरी

आमच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे पोळपाटाएवढी काळी पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून तिच्यात प्रोग्रॅम भरायचा. ह्यांच्या आतेभावाने ती परदेशातून आणली, काही वर्षं वापरली आणि कंटाळा आल्यावर ह्यांना देऊन टाकली. हे अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर आणि बदलापुरात, शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. पाण्यावरून जिन्यात रोज भांडणं व्हायची. तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की यापुढे पाण्याच्या पाळ्या कॉम्प्युटर लावेल.

रविवारी सगळी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये जमली. टीव्हीवर तळमजल्याची नावं आली, पहिल्या मजल्याची आली आणि मशीन थांबलं.

"मेमरी संपली," हे म्हणाले.

"म्हणजे?" दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे दुसरा मजला यात मावत नाही."

मास्तरांनी टीव्हीवरच्या तळमजल्याच्या नावांकडे बोट दाखवलं. "या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी मी राहायला आलो. तळमजला काढा आणि आम्हाला घाला."

तळमजल्यावरची मंडळी उठून उभी राहिली. मी घाईघाईने पोहे आणले.

यावर उपाय होता. पेटीच्या मागे जोडायची जादा मेमरी मिळायची. उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याने ती मागवून देतो म्हणून सांगितलं. ती येईपर्यंत दुसऱ्या मजल्याने पाळ्यांवर बहिष्कार टाकला. नाव नाही तर नियम नाही, असं त्यांचं म्हणणं. ते वाटेल तेव्हा पंप सुरू करायचे. भाजीवाल्याकडे भेटल्या की त्या मजल्यावरच्या बायका मला विचारायच्या, "वहिनी, आली का मेमरी?"

मास्तर तर ह्यांच्याबरोबर दर रविवारी उल्हासनगरला जायला लागले. व्यापारी चहा मागवायचा आणि म्हणायचा, "साहब, माल निकल चुका है." कुठून, ते कधी सांगायचा नाही.

"आपका माल क्या चलके आ रहा है?" मास्तरांनी एकदा चिडून विचारलं.

"नहीं साईं, पानी के रास्ते से."

"पाण्याचं नाव काढू नका," मास्तर म्हणाले.

गणपती झाले, दिवाळी झाली आणि एका रविवारी दोघं काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी घेऊन परत आले. पुन्हा सगळे जमले. ह्यांनी डबी मागे बसवली, कॅसेट लावली. तळमजला आला, पहिला मजला आला, आणि मग दुसऱ्या मजल्यावरचं पहिलंच नाव मास्तरांचं आलं. नीट दिसावं म्हणून मास्तर खुर्चीतून उठून पुढे आले. टेबल हललं, डबी किंचित डुगडुगली आणि टीव्ही कोरा झाला.

"आता काय झालं?"

"सगळं पुसलं गेलं. डबी हलता कामा नये."

कॅसेट पुन्हा लावली. ह्यांनी सगळ्यांना मांडी घालून बसवलं आणि चालायची बंदी केली. मास्तरांचं नाव पुन्हा आलं. दुसऱ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. टीव्ही कोरा.

तिसऱ्या वेळी कोणी बोलत नव्हतं, खोकतही नव्हतं. तेवढ्यात वरच्या घरात कोणीतरी खलबत्त्यात कुटायला लागलं.

"तुमच्याच घरी कुटतायत, मास्तर," हे दबक्या आवाजात म्हणाले.

शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेऊन आल्या. त्यांनी तो डबीखाली नीट दाबून बसवला आणि म्हणाल्या, "आता लावा." डबी हलली नाही. तिन्ही मजले टीव्हीवर आले. मास्तरांनी आपलं नाव मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मास्तर पहिल्या मजल्याच्या पाळीत पंप चालवत होते.

"मास्तर, आता तर तुमचं नाव आलंय," हे म्हणाले.

"आलंय ना. म्हणूनच आता आम्ही हक्काने भरतोय."

जिन्यात भांडण सुरू झालं. आत सासूबाई डबीखालची वाळलेली कणीक काढून ताजी लावत होत्या.