दोन हजार पन्नासचं ऊन आणि आजच्या बाया

बार्शीटाकळीच्या साठीतल्या चतुराबाई कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवतात. समोरच्याची एखादी चूक काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

परवा अमरावतीहून आकांक्षा हवामानाचा सर्वे करायला आली. तिनं विचारलं, "मावशी, दोन हजार पन्नासच्या उन्हात तुमच्या वीस बाया किती तास वेचतील?"

"ऊन पन्नासचं अन् बाया आजच्याच?" चतुराबाई हसल्या. "टोळीत चाळिशीच्या आतली एक तरी दिसते काय तुले? माही नात बडनेऱ्याले रेल्वेत लागली. बाकीच्या पोरी नर्सिंग शिकून राहिल्या."

आकांक्षानं फॉर्मवरचा वीसचा आकडा खोडला. "मग लिहू काय?"

"लिही, ऊन येईन. वावरात त्याले नव्वदीची मी एकलीच भेटीन. अन् त्याचीबी चूक काढीन."