तंबूवाल्यांचा रंग

क्लीट व्हार्गो आयुष्यभर कपडे करत आला, आणि त्यातला एकही कधी कुणाच्या अंगावर चढला नाही. तो शिंपी नव्हता. टॅमरॅक रनमध्ये आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या रंगवून घेणारी दुकानं बंद पडली, तसा ट्रकांच्या दारांवर चिकटवायची अक्षरं कापायला लागला. पोटापाण्याचं काम ते एवढंच. जीव सगळा दुसरीकडे. घरी आला की संगणकापुढे बसून तो बेसबॉलच्या संघांसाठी जुन्या धर्तीचे पोशाख काढायचा. जाड लोकरीचा ढगळ सदरा, छातीवर कापून शिवलेलं एकच मोठं अक्षर, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे, समोर आखूड झाप असलेली टोपी. संघ खरे, पोशाख याच्या डोक्यातले.

या नादाची माणसं देशभर आहेत. इंटरनेटवर एकमेकांना चित्रं दाखवतात, आणि तुझी पट्टी जाड झाली, त्या काळी कॉलर अशी नव्हती, एवढ्यावरून हमरीतुमरीवर येतात. त्यांच्यात क्लीटचा शब्द चालायचा. संघांना मात्र त्याचं काही पडलेलं नव्हतं. दर हिवाळ्यात तो चित्रं पाठवायचा, आणि दर वसंतात संघ भलत्याच कुणाचे पोशाख घालून मैदानात उतरायचे.

त्याची विधवा बहीण बर्नडेट त्याच्याकडेच राहायची. चर्चच्या स्वयंपाकघरात तिचं राज्य, आणि घरी तिची जीभ.

"झाले का बाहुल्यांना कपडे घालून? कोबीचे रोल गार झाले."

"बर्नी, बाहुली नाही ही. पिचर आहे."

"कसला पिचर! मुंडकं कुठंय त्याला?"

मुंडकं नव्हतंच. पोशाख काढायचे ते पुढून-मागून एका बिनडोक्याच्या गड्यावर, ही या लोकांची रीतच होती. क्लीट हसून पानावर बसायचा. हसण्याखाली काय होतं ते बर्नीला कळत नसे असं नाही. चोपन्नाव्या वर्षी माणसाला वाटतं की आपण केलेलं काहीतरी एकदा तरी खरं व्हावं. एका उन्हाळी दुपारी, खऱ्या घामानं भिजलेला, गुडघ्यावर मातीनं माखलेला आपला एक पोशाख दिसावा. बाकी काही मागणं नव्हतं त्याचं.

आणि मग गावच्याच संघानं, म्यूल्सनं, त्याला बोलावलं. संघ लहान, कुठल्या मोठ्या क्लबचा हात डोक्यावर नाही. कारभार गेल ऑस्ट्रँडर नावाच्या खमक्या बाईकडे. तिनं ठरवलं की सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीतल्या शनिवारच्या मॅचला पोरांनी तंबूवाल्यांचा पोशाख घालायचा.

तंबूवाले म्हणजे गावाचा अभिमान. १९२१च्या संपात कोळसा कंपनीनं खाणकामगारांची बायकापोरं कंपनीच्या घरांतून बाहेर काढली. अख्खा हिवाळा त्यांनी खाडीकाठी तंबूत काढला, आणि बर्फ वितळल्यावर त्याच उपाशी माणसांनी बेसबॉलचा संघ काढला. त्या संघाचा एकच फोटो उरलेला. तो होता एमिल डुडाशकडे. एमिल ऐंशीच्या पुढचा, स्वतः चाळीस वर्षं खाणीत घातलेला. फोटोत डावीकडून तिसरा, गुडघ्यावर हातमोजा ठेवून बसलेला, तो त्याचा बाप. एमिल तीन वर्षांचा असताना खाणीचं छत बापावर कोसळलं. बापाचा आवाज त्याला आठवत नव्हता, हात आठवत नव्हते. बाप तंबूवाला होता एवढी एक गोष्ट त्याच्यापाशी होती, आणि तिच्यावर त्यानं जन्म काढला होता.

क्लीटनं तो फोटो भिंगाखाली घालून पोशाख काढला. सायीच्या रंगाचा सदरा. टोपी, कॉलर, मोजे आणि छातीवरचं अक्षर, सगळं काळं कुळकुळीत. चर्चच्या तळघरात त्यानं तो गावच्या मंडळींना दाखवला, तेव्हा एमिल खुर्चीतून अर्धा उठला.

"काळा? क्लीट, पोरा, शुद्धीवर आहेस ना?"

कारण काळे सदरे असायचे कंपनीनं संपकऱ्यांवर सोडलेल्या बंदूकवाल्यांचे. म्हणून टॅमरॅक रनमध्ये आजही मयताला जाताना पुरुष काळा सोडून तपकिरी कोट घालतात. बाहेरून आलेला पाद्री पहिल्या मयताला चक्रावतो.

"एमिलकाका, फोटोत स्वच्छ दिसतंय की," क्लीट म्हणाला. "आणि खाणीतली माणसं ती. कोळशाचा रंग घेतला त्यांनी. बंदूकवाल्यांना काय वाटेल याची त्यांना कशाला पर्वा?"

हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. मंडळींनाही आवडलं. गेल म्हणाली, अंगावर काटा आला. एमिलनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाला, "काळाच आहे खरा," आणि टोपी घालून निघून गेला. त्या दिवशी खायला अक्रोडाचा गोड रोल होता. त्याचा आवडता. त्याला हातसुद्धा लावला नाही त्यानं.

उन्हाळ्यात बर्नी बातम्या आणायला लागली. एमिल शुक्रवारी चर्चमध्ये मासे खायला येत नाही. एमिलनं युनियनचा चाळीस वर्षांचा बिल्ला हॉलवर परत नेऊन दिला.

"का पण?" क्लीटनं विचारलं.

"कंपनीचाही एक संघ होता ना. संप मोडून कामावर परतले त्यांना घ्यायचे त्यात. एमिल म्हणतो, काळे कपडे म्हणजे बाप तिकडचाच असणार. आई त्याच्याशी खोटं बोलली म्हणतो."

"म्हातारपण आहे, बर्नी. होतं असं."

असं म्हणून क्लीट पुन्हा शिलाईवाल्यांशी फोनवर काजांवरून भांडायला बसला. मला त्याचा राग येतो तो इथे. चूक कुणाचीही होते. पण ऐकून न ऐकल्यासारखं करणं ही चूक नव्हे.

मॅचच्या आठवड्यात पोशाख आले. आपल्या दुकानात खोकं फोडून त्यानं एक सदरा बाहेर काढला, दोन्ही हातांत उचलला, त्याचं वजन पाहिलं आणि गालाला लावला. लोकर टोचली. कपड्याला टोचता येतं हे इतकी वर्षं त्याच्या चित्रांत कधी नव्हतं. तो खुळ्यासारखा हसत होता.

त्याच संध्याकाळी मैदानाच्या गेटवर लावायला फोटो माणसाएवढा मोठा करायचा होता. छपाईच्या यंत्रातून कागद हळूहळू बाहेर येत होता. आधी वरचा भाग, आभाळ, तंबूचं टोक, आणि टोकावर एक झेंडा. लहान फोटोत तो डागासारखा दिसायचा. आता दिसला. देशाचाच झेंडा होता. त्याचे लाल पट्टे काळे उतरले होते. आणि चांदण्यांचा निळा चौकोन धुऊन निघाल्यासारखा पांढरा.

क्लीटनं भिंग घेऊन तो झेंडा पुन्हा पाहिला.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही हो! या धंद्यातली ही पहिली शिकवण. त्या काळच्या फिल्मला लाल दिसतच नसे. लाल ते काळं उतरायचं, निळं ते फिकट. म्हणून जुना फोटो हाती आला की आधी त्यात झेंडा शोधायचा, आणि मगच रंगाला हात घालायचा. ऑरेगनच्या एका होतकरूनं हीच चूक केली होती, तेव्हा क्लीटनं इंटरनेटवर सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली होती. तो गडी पुन्हा कधी तिथे फिरकला नाही. आणि इथे स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांत, कोळसा म्हणजे काळा एवढ्या एका टाळीच्या वाक्यावर तो भाळला आणि झेंडा शोधायचा राहिला.

लालच असणार. तंबूतली माणसं गळ्यात लाल रुमाल बांधायची हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

तो दुकानाच्या फरशीवर खोक्यांमध्ये बसून राहिला. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. गेटवर लावताना झेंड्याचा कोपरा कापून टाकला की झालं. शनिवारी पोरं मैदानात उतरतील, तो पाहील, एकदा पोटभर पाहील, आणि मग हवं तर मरून जाईल. असं त्याच्या मनात खरोखर आलं. त्यानं कात्रीही हातात घेतली. मग त्याला अक्रोडाचा तो रोल आठवला, आणि कात्री खाली ठेवून तो गुरासारखा रडला.

गेलला त्यानं सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून ऐकत होती.

"दोन दिवसांत लाल कुठून पैदा करू मी?"

"मग नेहमीचेच घालू द्या."

"तंबूवाल्यांच्या नावावर तिकिटं संपलीत, क्लीट. पुढच्या वर्षी लाल करू, वचन देते. या वर्षी तोंड मिटून बस. अरे, तुझं नाव लागलंय कार्यक्रमात. मजा कर की."

आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की बाहेर पडताना त्याला हायसं वाटलं. तिनं नाही म्हटलं, आपला इलाज चालला नाही. म्हणजे आता ते पोशाख मैदानात दिसणार.

पण सकाळी तो एमिलकडे गेला. म्हातारा ओसरीवर शेंगा मोडत बसला होता. क्लीटनं मोठा फोटो रेलिंगवर पसरला, झेंड्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. एमिल शेंगा मोडायचा थांबला.

"म्हणजे लाल."

"लाल, काका. तुमचे वडील तंबूवालेच. कधीच दुसरे कुणी नव्हते."

एमिल बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आता तो चेहरा ताटाएवढा मोठा होता.

"उन्हाळाभर शिव्या घातल्या मी याला," तो म्हणाला. "जूनमध्ये थडग्यावर गेलो. थुंकलो तिथं. बापाच्या थडग्यावर, क्लीट."

"चुकलं माझं. काका, माझं फार चुकलं."

"तुझं चुकलं म्हणून माझी थुंकी परत येते काय रे?"

ओसरीखाली कुणाची तरी मांजर बसली होती, तिच्याकडे दोघे बघत राहिले.

"मी काय करू, सांगा. सांगाल ते करतो."

"शनिवारी मला मॅचला ने," एमिल म्हणाला. "आणि जवळ बस."

शनिवारी मैदान खचाखच भरलं होतं. पहिल्या बेसच्या मागे तिसऱ्या ओळीत मधोमध एमिल, एका बाजूला क्लीट, दुसऱ्या बाजूला मोहरी लावलेला प्रेट्झेल खात बर्नी. भोंग्यातून तंबूवाल्यांचं नाव पुकारलं, पाठोपाठ क्लीट व्हार्गोचंही. खेळाडूंच्या खोलीचं दार उघडलं. काळ्या टोपीचं टोक दिसलं, काळा मोजा दिसला, आणि लोक ओरडत उठले.

तेवढ्यात एमिल उठला. खुर्चीच्या पाठीला धरून, कण्हत, गर्रकन नव्हे, हळूहळू, पाय टेकत टेकत, तो पूर्ण उलटा वळला. मैदानाकडे पाठ केली आणि उभा राहिला.

"बंदूकवाले तंबूंवरून जायचे ना," तो क्लीटला म्हणाला, "तेव्हा बायका अशा उभ्या राहायच्या. तोंड दाखवायच्या नाहीत त्यांना. आई सांगायची."

तूही वळ असं म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही.

क्लीटच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं-काळं पळत होतं. नऊ माणसं. त्याची काजं, त्याची कॉलर, त्याचं अक्षर, माणसांच्या अंगावर, उन्हात. सगळा जन्म याच्यासाठी. त्याला वाटलं, आधी एकदा पाहू. एकच नजर. मग वळू. म्हाताऱ्याला कळणारसुद्धा नाही.

तो उठला आणि वळला.

आता समोर वरच्या ओळींतले चेहरे होते. सगळे मैदानाकडे बघून टाळ्या वाजवणारे, आणि मध्येच या दोघांकडे बघून बावचळणारे.

"ओ बसा ना खाली! काही दिसत नाही!" वरच्या ओळीतून एकजण ओरडला. दुसऱ्यानं क्लीटला ओळखलं. "अरे क्लीट, तुझेच कपडे ना ते? मग बघ की तिकडे!"

"रंग चुकलाय," क्लीट म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "लाल होते ते! मी चुकवला! एमिलकाकांचा बाप लाल घालायचा!"

टाळ्यांत ते चारसहा जणांनाच ऐकू गेलं असेल. त्यातल्या एका बाईनं टाळ्या थांबवल्या. बाकीचे वाजवत राहिले.

"काय मेली तुमची तऱ्हा," बर्नी पुटपुटली. प्रेट्झेल कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला, स्कर्ट झटकला आणि तीही उठून एमिलच्या पलीकडे वळून उभी राहिली. "गुडघे दुखतात माझे, सांगून ठेवते."

मॅच सुरू झाली. बॅटचा कडक आवाज आला, चेंडू लांब गेला असावा, कारण अख्खं मैदान श्वास रोखून एकदम ओरडलं. माती उडवत कुणीतरी बेसकडे धावत असावं. बुटांच्या खिळ्यांचा आवाज अगदी पाठीशी आला.

"कुणी मारला?" एमिलनं विचारलं.

"माहीत नाही, काका," क्लीट म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही, आणि मानही वळवली नाही.