प्लास्टरताईंचा अंगठा

प्लास्टरताई घरात नुसत्या बसून होत्या, आणि ते घरातल्या कुणालाच झेपत नव्हतं. त्यांना तर मुळीच नाही.

हाताला पाणी लावायचं नाही, साबण नाही, चिरणं-घासणं नाही. दोन्ही हात व्हॅसलिन चोपडून पांढऱ्या सुती मोज्यांत कोंबलेले आणि मांडीवर ठेवलेले. शेजारणीचं तान्हं सांभाळायला घ्यावं, तसे त्या स्वतःचे हात सांभाळत होत्या.

आत मोरीत काहीतरी खळकन फुटलं.

"काय गेलं?" ताईंनी मान उंचावली.

"बशी," नवऱ्याचा आवाज आला. डेपोतली अख्खी बस खोलून पुन्हा जोडणारा माणूस, पण साबण लागलेली बशी त्याच्या हातात टिकत नव्हती. "आणि मोजू नकोस. फुकट काम करणाऱ्याच्या चुका मोजत नाहीत."

"बघा बाई," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "माझ्या लेकाला भांडी घासताना बघायचं राहिलं होतं. आता डोळे मिटायला मोकळी."

"मिटू नका इतक्यात, अजून कढई राहिलीये," ताई म्हणाल्या. तिघंही हसली, पण ताईंचं हसू लगेच विरलं. उद्या गुरुवार होता.

या सगळ्याची सुरुवात एका पत्रानं झाली होती. ताई हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये कामाला. जन्मतः आत वळलेली पावलं घेऊन आलेली बाळं हे त्यांचं खास काम. दर आठवड्याला जुनं प्लास्टर काढायचं, पाऊल हळूच थोडं बाहेर वळवायचं, धरून ठेवायचं, नवं प्लास्टर चढवायचं. असं करता करता पाऊल सरळ होतं. मागे परदेशातून एक डॉक्टरबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या ताईंच्या शेजारी दिवसभर स्टूल टाकून बसल्या, काही न बोलता गेल्या, आणि मग त्यांच्या संस्थेचं बोलावणं आलं. तिकडे अशाच मुलांसाठी तीन महिन्यांचं शिबिर होतं. राहणं-खाणं त्यांचं, पगार नाही. त्यासाठी सेवाकार्याचा तात्पुरता व्हिसा काढायचा होता.

"फुकट राबायला विमानानं जायचं?" नवरा म्हणाला होता. "इथं काय कमी फुकट राबतेस?"

"मला बोलावलंय हो," ताई म्हणाल्या होत्या. "हॉस्पिटलला नाही, मोठ्या डॉक्टरांना नाही. मला."

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर फोटो काढायला गेला.

व्हिसा केंद्रात सगळं सुरळीत पार पडलं होतं. कागद बरोबर, फोटो बरोबर, प्रश्नांची उत्तरंही बरोबर. मग काचेवर बोटं ठेवायची वेळ आली. दिवा लाल. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. ताईंनी सगळा जोर लावून बोटं दाबली, तरी लाल. खिडकीतल्या मुलीनं त्यांचा हात उलटा करून पाहिला.

"काकू, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत! काय काम करता?"

"प्लास्टर."

"भिंतींचं?"

"पायांचं."

मुलीनं कुणाला तरी विचारून येऊन सांगितलं: हातांना विश्रांती द्या, रेषा थोड्या वर येतात. रबरी हातमोजेही नकोत, घामानं बोटं भिजतात. गुरुवारी पुन्हा या. पण त्यानंतर शिबिराच्या आधीची एकही वेळ शिल्लक नाही. गुरुवारी ठसे उठले नाहीत, तर अर्ज पुढे जाणार नाही.

त्याच दुपारी, बुधवारी, फोन वाजला. नवऱ्यानं साबणाच्या हातानं तो ताईंच्या कानाला लावला. पलीकडे मामा होते. प्लास्टर-रूममधले त्यांचे जोडीदार, सगळ्या हॉस्पिटलचे मामा. कामाची वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली: धरणं ताईंचं, गुंडाळणं मामांचं.

"ताई, लांबून आलंय बाळ. आईनं सकाळीच घरी भिजवून प्लास्टर काढलंय. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत. आज चढवलं नाही तर पाऊल परत आत जाणार."

"मग धरा ना तुम्ही."

"मी? माझ्या हातात ते पाऊल नाही येत. तुम्ही या."

ताई चपला अडकवून निघाल्यासुद्धा. नवरा जिन्यापर्यंत धावला. "अगं, हात!"

"खिशात आहेत," त्या म्हणाल्या.

प्लास्टर-रूममध्ये बाळाचं रडणं भिंतींना धडकत होतं. आईच्या मांडीवर बाळ, समोर कोमट पाण्याची बादली, आणि शेजारी मामा, घामाघूम. वॉर्डातली सिस्टर पट्ट्या घेऊन तयार उभी होती.

ताईंनी मामांकडे रोखून पाहिलं. "मुद्दाम नाही ना बोलावलंत?"

मामांनी नजर चुकवली. "अर्धं मुद्दाम. तुम्ही गेलात की ही खोली बंदच पडणार. म्हटलं, एकदा बघाल तरी, मागे काय होणारे ते."

"बघते. धरा पाऊल."

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन बोटांत बोटं अडकवली. आणि मग त्यांना कळलं, की हातांना जे येतं ते तोंडाला येत नाही. वर, खाली, इकडे, अजून जरा, तिथं नाही. असले शब्द नुसते हवेत उडत होते. मामांचा अंगठा टाचेवर गेला. बाळानं किंकाळी फोडली.

"टाच सोडा! टाचेला हात लावायचा नाही!"

"मग कुठं?"

"पुढं. घोट्याच्या पुढं, बाहेरच्या अंगाला."

"तिथं काही नाहीये हो ताई!"

बाळाच्या आईला आता राहवलं नाही. "ताई, तुम्हीच करा ना. मागच्या वेळी तुम्ही धरलंत, तर ते रडलंसुद्धा नाही. एवढे काय ते हात जपताय?"

काय सांगणार होत्या त्या? तिकडच्या मुलांचे पाय धरता यावेत म्हणून इकडच्या बाळाला हात लावत नाहीये, असं? त्यांनी दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. मऊ पडलेली, गुलाबी, ओळखू न येणारी बोटं बादलीकडे निघाली. ओली करून पाऊल धरायला, नेहमीसारखी.

"ताई." मामा होते. "हात मागे घ्या."

"मामा, बाळ बघा कसं..."

"मी धरतोय ना! तुम्ही बोला फक्त. ओरडा वाटलं तर. पण हात मागे."

ताईंची बोटं पाण्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मग सावकाश पाठीमागे गेली.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मिटा हो, लाजताय काय! आता अंगठा घोट्यावरून पुढं सरकवा. हळू. मध्ये एक खळगा येईल. आला?"

"आला."

"त्याच्या पुढं?"

मामांचा चेहरा बदलला. "काहीतरी टेंगूळ आहे."

"तेच हाड. अंगठा त्याच्यावर. दुसऱ्या हातानं पाऊल पुढून धरून बाहेर न्या. जोर लावू नका. अंगठा दाबू नका मामा, नुसता ठेवा. पाऊल आपण होऊन येतं."

आईनं बाळाच्या तोंडात बाटली दिली. रडणं मुसमुसण्यावर आलं. सिस्टर पट्टी भिजवून गुंडाळू लागली: बोटांपासून घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून पार मांडीपर्यंत. पट्टी मामांच्या बोटांवरून जात होती, मामा बोटं अलगद सोडवून पुन्हा जागेवर नेत होते. प्लास्टर गरम व्हायला लागलं, आवळायला लागलं. ताई खाली वाकून बाळाच्या इवल्या बोटांवर डोळे लावून होत्या. पांढरट. अजून पांढरट. मग हळूहळू बोटांत रंग भरला.

"गुलाबी," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

मामा आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. जाताना बाळाच्या आईनं खाली पडलेला ताईंचा मोजा उचलून झटकला आणि त्यांच्या हातात दिला.

गुरुवारी सकाळी खिडकीत तीच मुलगी होती. उजव्या हाताची चार बोटं: हिरवा. डाव्या हाताची चार: हिरवा. बाकावर बसलेल्या नवऱ्यानं देवाला करावा तसा दिव्याला नमस्कार केला.

"आता दोन्ही अंगठे."

डावा उठला. उजवा लाल.

हाच तो. इतकी वर्षं त्या हाडावर ठेवलेला. ताईंनी तो मोज्यानं पुसला, पुन्हा ठेवला. लाल. मागच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. त्यांनी खांदा झुकवून सगळं वजन अंगठ्यावर टाकलं, नख पांढरंफटक पडलं.

"काकू, अहो काच फुटेल! दाबताय कशाला एवढं? दाबलं की रेषा चपट्या होतात. नुसता ठेवा."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग एकदम हसू फुटलं त्यांना, आवरेना.

"काय झालं?"

"काही नाही गं. काल हेच मी एका भल्या माणसाला ओरडून सांगत होते."

त्यांनी खांदा सैल सोडला. काचेवर एक गरम, मुसमुसणारं पाऊल आहे असं समजून अंगठा टेकवला. आणि वाट पाहिली.

हिरवा.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्यांना आता स्वतः धरता आला असता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मामा, बाळाची बोटं?"

"आत्ताच विचारलं आईला. गुलाबी. तुमची?"

"उठली. दहाच्या दहा."

मामा खाकरले. "म्हणजे आता जाणार."

"व्हिसा आला तर. ते अजून त्यांच्या हातात."

"पुढच्या आठवड्यात ते बाळ परत येतंय. तोवर तरी आहात ना?"

"आहे की," ताई म्हणाल्या. "धरणार तुम्ही. मी गुंडाळीन."