देवीच्या पेटीतल्या वाट्या

माझ्या मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यापैकी एकाने विचारलं, "आजी, माणसाने चूक कबूल केली की त्याचं पुढचं सगळं संपतं का?" कोणी विचारलं ते इथे लिहीत नाही. "नाही रे" म्हणून मी तेव्हा मोकळी झाले. पण जन्मभर पोलीस खात्यात काढलेल्या बाईने पुराव्याशिवाय उत्तर देऊ नये, म्हणून हा पुरावा पाठवते आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

तेव्हा मी दक्षिण बंगळूरच्या एका स्टेशनात इन्स्पेक्टर होते. बनशंकरीकडे झाडं दाट होती आणि सकाळी थंडीत स्वेटर घालूनच हजेरी घ्यावी लागे. स्टेशनातली काफी पितळी पेल्यात यायची. तिचा वास आठवला की अजून ड्युटीवर निघावंसं वाटतं. त्या दिवसांत आमच्या हद्दीत साखळीचोरीने उच्छाद मांडला होता. हेल्मेट घातलेला एकटाच माणूस मोटारसायकलवरून येई आणि फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्याला हात घालून पसार होई. जे. पी. नगरमधल्या एका मराठी आजींनी मंगळसूत्र घट्ट धरून ठेवलं, तेव्हा त्या फरफटत गेल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. इस्पितळात ते मला म्हणाले, "चोर सापडेल तेव्हा सापडेल. हिला आधी 'सोडून द्यायचं होतंस' असं कुणी म्हणू नका. मी म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही."

खबर आली ती खबऱ्याकडून नव्हे, देवळातून. आमच्या हद्दीतल्या एका देवीच्या देवळाचे वयस्कर अर्चक मला म्हणाले, "अक्का, स्वल्प, जरा येऊन बघता का? हे तुमच्याकडचं दिसतंय." हुंडी, म्हणजे दानपेटी, नुकतीच उघडली होती. बायका नवसाचं सोनं त्यात टाकतात, त्यात नवल नाही. पण ताटात मंगळसूत्रांच्या वाट्या होत्या, आपल्या पद्धतीच्या जोडवाट्याही होत्या, आणि त्यांच्या कड्या ओढून वाकलेल्या होत्या. नवसाचं मंगळसूत्र बाई हाताने सोडवून देते. हिसकलेलं कोण देईल? माझ्या लक्षात आलं. हा माणूस साखळी विकत होता, पण सवाष्णीच्या वाट्या मोडीत घालायला भीत होता. पाप तेवढं देवीकडे ठेव म्हणून देत होता.

पंचनामा करून वाट्या ताब्यात घेतल्या आणि साध्या वेशातल्या दोन महिला शिपाई, तिथल्या बायका देवीला लावतात तसे लिंबाच्या सालीतले दिवे घेऊन, रांगेत उभ्या केल्या. त्यांना एकच सांगितलं. देवाला काही देणारा माणूस देवाकडे बघतो. जो नुसता पेटीकडे बघेल, त्याला धरा. पुढची चोरी झाली त्याच दिवशी तो सापडला. मुठीत वाट्या तशाच होत्या.

तो सीमाभागातला, बंगळूरच्याच शिवाजीनगरात गॅरेजवर हाताखाली काम करणारा तरुण. कानडीत अडखळायला लागला तेव्हा मी मराठीत बोलले.

"आजची चोरी तुझीच ना?"

"व्हय मॅडम. हातातच घावली, आता काय म्हणू?"

"आणि जे. पी. नगरची?"

"ती मी न्हाई."

बाकीच्या चोऱ्याही त्याने नाकारल्या. वाट्या पेटीत मिळाल्या होत्या, पण त्या यानेच टाकल्या हे सिद्ध करता येत नव्हतं. हेल्मेटमुळे ओळख परेडचाही उपयोग नव्हता. आमच्या हेड कॉन्स्टेबलना त्याला दरडावायचं होतं. मी त्यांना काफी सांगायला पाठवलं. पेला हातात घेऊन त्याने विचारलं, "त्या म्हाताऱ्या आता चालत्यात काय?"

आजी पडल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यालाही ते कळलं. त्याने पेला खाली ठेवला.

मी म्हटलं, "हे मला सांगून उपयोग नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. सांगायचं असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर सांग."

"न्हाई सांगितलं तर?"

"तर फक्त आजची केस. लवकर सुटशील. सांगितलंस तर दुखापतीसह जबरी चोरी. पुष्कळ दिवस आत राहशील."

बाहेर आल्यावर हेड कॉन्स्टेबल म्हणाले, "मेडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्याच्या वकील?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "त्याला खरं माहीत असू दे."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही त्याला बजावलं, की कबूल करायची सक्ती नाही, आणि विचार करायला परत कोठडीत पाठवलं. तो बदलेल याची मला खात्री होती. खोटं का सांगू, तो माघार कधी घेतो याची मीही वाटच बघत होते. पण पुन्हा उभं केल्यावर त्याने सगळ्या चोऱ्या सांगितल्या. आजींची सगळ्यात आधी सांगितली. मोटारसायकल थांबवता आली असती, ती थांबवली नाही, हेही सांगितलं. शिक्षा झाली आणि त्याने ती भोगली. आजींच्या वाट्या कोर्टामार्फत त्यांना परत मिळाल्या.

सुटल्यावर तो स्टेशनात आला आणि आजींचा पत्ता मागू लागला. मी दिला नाही. आधी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे. हेल्मेटाशिवाय कसा दिसतो बघू तरी."

मी बरोबर गेले. तो दारातच उभा राहिला. आजी काठी टेकत आल्या.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "जिना उतरताना रोज तुझी आठवण येते, आणि ती चांगली नसते. सध्या करतोस काय?"

"काम मागत फिरतोय, अक्का. आधीच सगळं सांगतोय मी. सांगितलं की नको म्हणत्यात."

"मग सांगू नको," इंजिनियरसाहेब आतून म्हणाले.

"सांगायचंच," आजी म्हणाल्या. "आणि कुणाचा विश्वास बसला नाही तर माझा नंबर दे."

शिवाजीनगरच्या एका गॅरेजमालकाने खरंच फोन केला. त्या वेळी मी आजींकडेच बसले होते. त्यांचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलं. "हो, तोच. माझा पाय त्यानेच मोडला. कोर्टात स्वतःहून सांगितलं, नाहीतर तुम्हाला कळलंही नसतं. ठेवा कामावर. सरी, बरं तर, ठेवते फोन."

मुलांनो, गुन्हा लपवण्यात माणसं किती हुशारी खर्च करतात ते मी रोज बघत होते. उघड केल्यावर जगायला किती धीर लागतो, ते या एका केसमध्ये बघितलं. कबुली दिली म्हणून त्याला कुणी हार घातले नाहीत. शिक्षा कमी झाली नाही, आजींचं लंगडणं गेलं नाही. पण त्यानंतर तो जिथे उभा राहिला, तिथून त्याला कुणी उठवू शकलं नाही. कारण त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं जे होतं, ते त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

आजी आणि त्यांचे यजमान आता नाहीत. त्या गॅरेजच्या मालकाने म्हातारपणी ते त्यालाच चालवायला दिलं. गॅरेज अजून चालू आहे.

तुमची आजी